जोशुआच्या माळावर

वाळवंट पाहायला माणसे पदरचे पैसे खर्चून जातात, ही गोष्ट माझ्या आईला अजूनही पटलेली नाही. तिचा जन्म माण तालुक्यातला. जिथे पाऊस वाट चुकून येतो आणि आलाच तर लगेच निघून जातो, अशा मुलखात तिचे लहानपण गेले. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॅलिफोर्नियात धाकट्या भावाकडे गेलो असताना, "आई, तुला वाळवंट दाखवतो, एक रात्र तंबूत राहायचं!" असे त्याने मोठ्या उत्साहाने जाहीर केले, तेव्हा तिने त्याच्याकडे जरा करुणेनेच पाहिले.

"आरं, त्यातनंच तर उठून आलोय आपण," ती म्हणाली.

पण बापूने तंबू टाकायची जागा दोन महिने आधी राखून ठेवली होती, आणि आगाऊ पैसे भरलेली गोष्ट वाया घालवणे हे आमच्या घराण्यात पापच मानले जाते. तेव्हा भाऊबीज उलटताच आम्ही निघालो. आई, मी, माझी पत्नी, आमची तेरा वर्षांची मुक्ता, बापू आणि त्याचा पंधरा वर्षांचा अर्जुन. बापूच्या पत्नीला रुग्णालयातून रजा मिळाली नाही. एका जागेवर सहापेक्षा जास्त माणसे राहू देत नाहीत असा तिथला नियम असल्याने संख्या मात्र बरोबर जमली.

या सहलीच्या पोटात आणखी एक हेतू दडलेला होता, तो आत्ताच सांगून टाकतो. आईने आता कायमचे आपल्याकडे राहावे, असे बापूच्या मनात होते. घरी ही गोष्ट नीट बोलता येत नव्हती. कुणी ना कुणी मध्ये यायचे, नाहीतर टेलिव्हिजन चालू असायचा. मोकळ्यावर बोलू, असे त्याने ठरवले होते, आणि "दादा, तूही दोन शब्द सांग" अशी गळ मला घातली होती. मी हो म्हटले होते. किती चटकन हो म्हटले, ते आठवून आजही मला संकोच वाटतो. पुण्यातले आमचे घर दोन खोल्यांचे, आम्ही दोघे नोकरीवर, आईचा गुडघा दुखरा आणि घर तिसऱ्या मजल्यावर. ही सगळी कारणे खरीच होती, पण ती मला फार झटपट सुचली.

लॉस एंजेलिसच्या बाजूने पूर्वेकडे निघाले, की शहर संपता संपत नाही. मग एकाएकी डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि मधल्या खिंडीत पवनचक्क्यांचे रानच्या रान लागते. ही सान गोर्गोनिओची खिंड. समुद्रावरून येणारी वाफ या डोंगरांच्या पश्चिम उतारावरच रिती होते आणि पलीकडच्या बाजूला कोरडा वारा तेवढा पोचतो. हे गणित महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवरच्या दहिवडीला त्याचा दहावा हिस्साही पडत नाही. फरक एवढाच, की माणदेशाच्या वाट्याला जे येते, त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर हा मुलूख जगतो. वर्षाकाठी चार-पाच इंच!

जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. उत्तरेकडचा उंच भाग मोहावे वाळवंटाचा आणि दक्षिणेकडचा सखल भाग कोलोरॅडो वाळवंटाचा, अशी दोन वाळवंटे इथे एकमेकांना भेटतात. आपल्या मनातले वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग. इथे तसले काही नाही. माळ आहे, झुडपे आहेत, आणि जिकडे पाहावे तिकडे ती जोशुआची झाडे. ज्याचे नाव उद्यानाला मिळाले, ते हे झाड पहिल्याने पाहताना हसूच येते. खोड खरखरीत, फांद्या कशाही वाकड्या फुटलेल्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला सुऱ्यांसारख्या पानांचा झुबका. मॉर्मन पंथाच्या वाटसरूंना ते हात उभारून प्रार्थना करणाऱ्या जोशुआ या बायबलमधल्या पुरुषासारखे दिसले म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. आईला ते घायपातासारखे वाटले. मी हसलो, पण नंतर माहितीफलक वाचला तर ती बरोबर निघाली. हे निवडुंग नव्हेच. घायपाताच्याच कुळातले, युका जातीचे झाड आहे. त्याच्या खोडात वर्षागणिक वलये पडत नाहीत, त्यामुळे वय मोजता येत नाही, उंचीवरून अंदाज करायचा. वर्षाला इंच-दोन इंच अशा चालीने ते वाढते आणि दीडशे वर्षे सहज जगते.

याच्या संसाराची गोष्ट मोठी विलक्षण आहे. एक लहानसा पतंग, त्याची मादी फुलातले पराग गोळा करून त्यांची गोळी करते, ती घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते, तिथे आपली अंडी घालते आणि मग ती परागाची गोळी नेमकी हवी तिथे दाबून बसवते. तिच्या अळ्या त्या फळातले थोडे बी खातात, उरलेले झाडाला राहते. या पतंगावाचून झाडाला बी धरत नाही आणि या झाडावाचून पतंगाला वंश नाही. बी दूरवर नेऊन टाकायचे काम पूर्वी एक अजस्र, जमिनीवर हिंडणारा प्राणी करीत असे, असे अभ्यासक मानतात. तो हजारो वर्षांपूर्वी नाहीसा झाला. आता ते काम उंदीर आणि खारी यांच्याकडे आले आहे, आणि त्यांची धाव ती किती! हवामान तापत चालले तर या शतकाच्या अखेरीस उद्यानातली बहुतेक जमीन या झाडाला राहण्याजोगी उरणार नाही, असे अंदाज आहेत. झाडाला उठून दुसरीकडे जाता येत नाही.

वाटेत बापूने आम्हाला बार्कर धरण दाखवायला उतरवले. सव्वा मैलाची सपाट वाट, म्हणून आईही आली. धरण म्हणजे आपल्याकडचा बंधाराच. १९०० च्या सुमारास गुरे पाळणाऱ्यांनी बांधलेला आणि १९४९-५० मध्ये बिल कीज या रहिवाशाने आणखी उंच केलेला. आम्ही गेलो तेव्हा त्यात थेंब नव्हता. तळाची माती भेगाळून तिच्या खपल्या उचलल्या गेल्या होत्या. आमची निराशा झाली. आईची मात्र दिवसातली पहिली कळी खुलली. काठी टेकत ती बांधाजवळ गेली, हात फिरवून तिने दगड पाहिले.

"दगुड बरा बसवलाय," तिने शेरा दिला. "खाली जागा पण बघून घेतलीया. कातळ हाय. झिरपायचं न्हाई."

१९७२ च्या दुष्काळात ती एकोणीस वर्षांची होती. पाझर तलावाच्या कामावर तिने माती वाहिली आहे, रस्त्याच्या कामावर खडी फोडली आहे, सुकडी आणि तांबडा मिलो खाऊन दिवस काढले आहेत. बंधाऱ्याबद्दल तिच्या मताला वजन आहे.

या बिल कीजची हकिगतही आपल्या ओळखीची वाटावी अशी. १९१० पासून त्याने या माळावर संसार मांडला. शेजाऱ्याशी रस्त्यावरून वाद झाला, तो वाढत गेला, आणि १९४३ मध्ये त्या भांडणात शेजारी कीजच्या गोळीने मेला. कीज तुरुंगात गेला. पेरी मेसनच्या कथा लिहिणाऱ्या अर्ल स्टॅन्ली गार्डनरने त्याचे प्रकरण हाती घेतले आणि १९५६ मध्ये त्याला माफी मिळाली. बापूने हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हंजे बांधाची भांडणं हितंबी हायतच की." तिला तो देश जरा जवळचा वाटू लागला असावा.

संध्याकाळी जम्बो रॉक्स या तळावर पोचलो. नाव अगदी सार्थ आहे. हत्तीएवढे, घराएवढे, काही ठिकाणी वाड्याएवढे गोलसर धोंडे एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या कुशीत एकेका कुटुंबाची जागा. हा दगड दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली तापल्या रसाचा थिजून झाला. त्याला उभ्या-आडव्या चिरा पडल्या, चिरांतून पाणी झिरपून कडा कुरतडल्या गेल्या, वरची माती वाहून गेली आणि आतले गोटे उघडे पडले. म्हणजे या कोरड्या माळावरचे सारे कोरीवकाम पाण्याचेच. तळावर एक लाकडी मेज, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि थोड्या अंतरावर संडास, एवढीच सोय. पाणी नाही. नळ नाही, विहीर नाही, काही नाही. माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी बरोबर आणा, असे तिथे बजावतात. त्या हिशेबाने सहा माणसांना दोन दिवसांचे अठ्ठेचाळीस लिटर होते. बापूने साठ लिटर आणले होते, आणि मोटारीतून कॅन उतरवताना आई ते एकेक करून मोजत होती. संडासातही पाणी नसते, याबद्दल मी अधिक लिहीत नाही. ज्या भारतीय कुटुंबांनी असा प्रवास केला आहे त्यांना ठाऊक आहे.

तंबूला आई 'पाल' म्हणे. अर्जुनने ते दहा मिनिटांत उभे केले. आम्ही दोघे भाऊ मेखा कुठल्या आणि दोऱ्या कुठल्या यावर वाद घालत होतो तोवर काम झालेसुद्धा. मग पिठले, बरोबर आणलेल्या भाकरी, आणि वर दिवाळीचा चिवडा. शेजारच्या तंबूतली दोन तरुण मुले कड्यांवर चढायला आली होती. पत्नीने त्यांना चकल्या नेऊन दिल्या. त्यांनी त्या कशा खायच्या ते विचारले.

सूर्य गेला आणि थंडी एकदम अंगावर आली. चंद्राची कोर लवकर मावळली. मग जे आकाश उघडले, त्याचे वर्णन करायला मी वर्गात वापरतो ते सगळे शब्द अपुरे पडले, म्हणून ते करीत नाही. २०१७ पासून या जागेला अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता आहे. दिवे न लावणे हीसुद्धा जतन करण्यासारखी गोष्ट आहे, हे मला इथे प्रथम कळले. आई खुर्चीत शाल लपेटून बसली होती. तिने कृत्तिकांचा पुंजका ओळखला. पुष्कळ वेळाने पूर्वेच्या खडकावर बोट दाखवून म्हणाली, "तिकांडं वर आलं. दहा वाजलं असतील." मी घड्याळ पाहिले. दहाला पाच मिनिटे होती.

बापूने मला डोळ्याने खुणावले. मी शेकोटीत उगाच लाकूड सारले. अखेर तोच बोलला. घर मोठे आहे, खालच्या मजल्यावर तुझी खोली आहे, डॉक्टर जवळ आहेत, अर्जुनला मराठी येईल. आई ऐकत होती. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"तुला काय वाटतंय?"

"तुझी सोय तिकडे होईल, आई," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मुलांना गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "दुष्काळात तुमचा मामा सहा वर्षांचा. कामावर येताना माळावर चुकला. रातभर गाव हुडकत हुतं. सकाळी एका बाभळीखाली बसल्याला घावला. चालत ऱ्हायला असता तर गेला असता. ध्यानात ठेवा रं पोरांनो, वाट चुकली की खाली बसायचं. फिरणारा माणूस हुडकणाऱ्याला घावत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिडन व्हॅलीला गेलो. खडकांच्या कड्याने वेढलेला हा एक खोलगट मैदानाचा तुकडा आहे. पूर्वी गुरेचोर इथे गुरे दडवीत, असे सांगतात. आत एक मैलाची वर्तुळाकार वाट आहे. जेमतेम तासाभराचे काम! आई आणि पत्नी वाटेच्या तोंडाशी मेजावर बसल्या, बापू आणि अर्जुन खडकांवर चढायला गेले, आणि मी मुक्ताला घेऊन वाटेने निघालो. बरोबर पाण्याची एक बाटली, तीही अर्धी. मैलभर तर चालायचे!

अर्ध्या वाटेवर मुक्ताला दोन धोंड्यांमधली एक फट दिसली. पलीकडे काय आहे ते पाहू, असे ठरले. 'ठरले' असे मी लिहितो, पण मोठा माणूस मी होतो. फटीतून पलीकडे गेलो, तिथून एका घळीत उतरलो, तिथून आणखी एका खडकाला वळसा घातला. परत फिरलो तर ती फट नाहीशी झालेली. सगळे धोंडे सारखे, सगळ्या फटी सारख्या. मोबाईलला तिथे आवाका नाही. मी आत्मविश्वासाने डावीकडे निघालो, मग तितक्याच आत्मविश्वासाने उजवीकडे. हाका मारल्या तर खडकांनी त्या आमच्याच अंगावर परत टाकल्या. ऊन फारसे नव्हते, पण हवा इतकी कोरडी, की घाम आल्याचे कळतही नाही. ओठ मात्र फुटू लागतात. एका धोंड्यावरून उतरताना माझा पाय घसरला आणि मी चार हात खाली गेलो. लागले फारसे नाही, पण बाटली हातातून सुटली. वर पाहिले तर मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, आता बसा," ती म्हणाली. "आजीने सांगितलंय."

बाटली सापडली. तळाशी चार घोट उरले होते. एका जोशुआच्या तुटपुंज्या सावलीत आम्ही बसलो. समोरून दिसेल असा तिचा लाल रुमाल फांदीला अडकवला. मग काहीच करायचे उरले नाही. माणसाला असे बसणे किती जड जाते! मला दर दोन मिनिटांनी उठावेसे वाटे आणि ती मला हाताला धरून बसवी.

"बाबा, आजी इकडे राहावी असं तुम्हाला खरंच वाटतं?"

मी तिची सोय, डॉक्टर, जिने वगैरे सांगू लागलो.

"मी ते नाही विचारलं."

वर्गात विद्यार्थ्यांचे प्रश्न टोलवण्याचा मला वीस वर्षांचा सराव आहे. इथे उठून जायला जागा नव्हती. मी म्हणालो, "आजी आपल्याकडे असली की मला रोज काहीतरी चुकतंय असं वाटतं. तिला वेळ देत नाही म्हणून. ती लांब असली की ते वाटणार नाही, असं मला वाटलं." मुक्ताने बाटली माझ्यापुढे केली. मी तिला आधी प्यायला सांगितले. पुष्कळ वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. एक मोठा कावळा येऊन समोरच्या खडकावर बसला, आमची पाहणी करून निघून गेला.

दीड तासाने "काकाऽ!" अशी हाक आली. ती अमेरिकन मराठीतली हाक मी जन्मभर विसरणार नाही. अर्जुन वरच्या खडकावर उभा होता आणि त्याच्या पाठीवर पाण्याचा अख्खा कॅन होता. आम्ही वाटेपासून फार तर दोनशे पावलांवर बसलो होतो.

मागाहून कळले ते असे. तास उलटल्यावर बापू म्हणत होता, "येतील, फोटो काढत असतील." आईने त्याला उठवले. "नुसता जाऊ नगं, पानी घिऊन जा," म्हणून कॅन दिला, आणि दोघांना दोन बाजूंनी धाडले. आम्ही परत आलो तेव्हा ती त्याच मेजावर काठी धरून बसली होती. पेला भरून तिने आधी मुक्ताला दिला, मग मला. "घोट घोट घे. येकदम पिऊ नगं." मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, मी घोट घोट प्यालो.

"बसला हुतास?" तिने विचारले.

"मुक्ताने बसवलं."

त्यानंतर आम्ही कीज व्ह्यू या पाच हजार फुटांवरच्या कड्यापर्यंत मोटारीने जाऊन आलो. खाली कोआचेला खोरे, दूर सॉल्टन सरोवराची चकाकती रेघ आणि भूकंपांसाठी प्रसिद्ध असलेला सान आंद्रेआसचा भ्रंश दिसतो. पाहण्यासारखे आहे, पण आमची नजर त्या दिवशी तिथे नव्हती.

तिथल्या एका फलकामुळे मिनर्व्हा हॅमिल्टन हॉइट या बाईंची गोष्ट निघाली, ती मात्र लक्षात राहिली. लॉस एंजेलिसजवळच्या साउथ पासाडेना गावच्या या सुखवस्तू बाई. तान्हे मूल गेले, १९१८ मध्ये पती गेले, तेव्हा त्यांना या वाळवंटात येऊन उघड्यावर राहण्यात विसावा मिळे. त्या काळी शहरातल्या बागांसाठी लोक इथली झाडे गाड्या भरभरून उपटून नेत. रात्री वाट दिसावी म्हणून जोशुआची उभी झाडे पेटवून देत. बाईंनी बॉस्टन, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये वाळवंटी झाडांची प्रदर्शने मांडली, सरकारदरबारी खेटे घातले, आणि १९३६ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडून हा प्रदेश राखीव करून घेतला. १९५० मध्ये खाणींसाठी त्यातला बराच भाग तोडला गेला. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा यायला १९९४ साल उजाडले. बाई १९४५ मध्येच निवर्तल्या होत्या. माझ्या पत्नीने हे आईला सांगितले. "उजाड जागा जपायला बी कुनीतरी लागतंय," आई म्हणाली, आणि तिथेच, मोटारीच्या उघड्या दारात बसल्या बसल्या, तिने रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर दिले.

"बापू, मी हितं ऱ्हायची न्हाई. आन् दादा, तुज्याकडंबी न्हाई. गावाकडचं घर दुरुस्त करून द्या दोघांनी मिळून. खाली हाय, जिना न्हाई. शेजारी मामा हाय. कालव्याचं पाणी आलंय आता शिवारात. सुट्टीला पोरं घिऊन या."

आम्ही दोघांनी एकदमच बोलायला तोंड उघडले. तिने हात वर केला. "तुमचं मन मला ठाऊक हाय. तुजंबी आन् त्याचंबी. त्यात वाईट काय न्हाई."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुक्ता खिडकीतून बाहेर पाहत होती. तिने काही सांगितले नव्हते, हे मला खात्रीने माहीत आहे.

परत निघण्यापूर्वी कॅनमधले उरलेले वीस लिटर पाणी बापू वजन कमी करायला ओतून टाकणार होता. आईने ते शेजारच्या तंबूतल्या त्या मुलांकडे पोचते करायला लावले. त्यांना आणखी दोन दिवस राहायचे होते.

२०२५ च्या होळीपासून आई गावी आहे. छताचे पत्रे बदलले, न्हाणीला धरायला दांडा बसवला, बापूने पाण्याच्या टाकीचे पैसे पाठवले. मी महिन्यातून दोनदा जातो. कधी एकदा होते, ते ती मोजून ठेवते. बापूशी तिचे दर रविवारी फोनवर बोलणे असते. मध्यंतरी मी तिथे असतानाच त्याचा फोन आला. अर्जुनची परीक्षा, सुनेची बदली, सगळे विचारून झाल्यावर ती म्हणाली, "आरं, त्या बंधाऱ्याला पानी आलं का रं औंदा?"

बापूला सांगता येईना. पुढच्या शनिवारी जाऊन बघतो, म्हणाला.